नाद आणि शरणागती

मराठीत जुगाराचाही नाद लागतो आणि माणसाचाही. दोन्ही नादांची जात एकच. डाव हरल्यावर जुगारी उठत नाही, पुढच्या डावाची वाट पाहतो. झिडकारलेला प्रेमवेडाही घरी जात नाही, पुढच्या भेटीची वाट पाहत राहतो. ख्रिस्ती परंपरेत या दोन्हींवरचा उपदेश वेगवेगळ्या ठिकाणी सुरू झाला आणि शेवटी एकाच वाक्यावर येऊन ठेपला: स्वतःच्या बळावर सोडायला जाऊ नका, देवाच्या स्वाधीन करा. हे स्वाधीन करायचे म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र सतराशे वर्षांत अनेकदा बदलले.

सुरुवात शिस्तीपासून झाली. रोमन साम्राज्यात फासे खानावळीत होते, छावणीत होते आणि श्रीमंतांच्या मेजवान्यांतही होते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ख्रिस्ती गृहस्थाला फाशांपासून दूर राहायला सांगितले. फासे खेळणाऱ्यांना उद्देशून केलेले एक जुने लॅटिन प्रवचन उपलब्ध आहे. ते पुष्कळ काळ कार्थेजच्या सिप्रियनच्या नावावर खपत होते, पण ते त्याचे नव्हे. हा अज्ञात उपदेशक खेळाच्या पाटाला सैतानाचा सापळा म्हणतो आणि शेवटी जुगाऱ्याला सांगतो, की तुझा पैसा त्या पाटावर ओतण्याऐवजी प्रभूच्या मेजावर ठेव. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्विरा येथे बिशपांची सभा भरली. तिच्या ७९व्या नियमानुसार पैसे लावून फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजन बंद झाले. त्याने खेळ सोडला आणि वागणे सुधारले, तर वर्षभराने त्याला परत घ्यावे, असेही त्यात म्हटले होते. परतीचे दार उघडे ठेवणारी ही एका वर्षाची मुदत महत्त्वाची आहे. पण त्या वर्षात माणसाने हात कसा आवरायचा, हे नियम सांगत नाही. कायद्याला ते सांगता येतही नाही.

ते सांगण्याचा पहिला गंभीर प्रयत्न इजिप्तच्या वाळवंटात झाला, आणि तो करणारा माणूस स्वतः प्रेमात बुडता बुडता वाचलेला होता. पॉन्टसचा इव्हाग्रियस कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन होता. हुशार, वादपटू, नावाजलेला. एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे मन बसले. त्याची हकीकत त्याचा शिष्य पॅलेडियस याने लिहून ठेवली आहे. इव्हाग्रियसला सुटायचे होते, पण पाय निघत नव्हता. मग एका रात्री त्याला स्वप्न पडले. शिपाई त्याला पकडून नेत आहेत, गळ्यात आणि हातात बेड्या आहेत. त्या स्वप्नातच भेटलेल्या एका मित्राने त्याच्याकडून शुभवर्तमानावर हात ठेवून शहर सोडण्याची शपथ घेववली. जाग आल्यावर त्याने ठरवले, की शपथ स्वप्नातली असली तरी शपथच आहे. त्याने कपडे गलबतावर चढवले आणि तो जेरुसलेमला गेला.

गोष्ट इथे संपली असती तर ती चमत्काराची गोष्ट झाली असती. जेरुसलेमला पोचल्यावर त्याचे मन पुन्हा डळमळले, भारी कपड्यांचा सोस परत आला, आणि मग तो अनेक महिने तापाने अंथरुणाला खिळला. मेलानिया नावाच्या एका संन्यासिनीने त्याला आतली गोष्ट बोलून टाकायला लावली. ती बोलल्यावर तो उठला आणि इजिप्तला गेला. तिथे नित्रिया आणि केलिया इथल्या संन्याशांमध्ये ३९९ साली मृत्यू येईपर्यंत राहिला.

या अनुभवातून त्याने मनाचा जो अभ्यास केला, तो पुढच्या सगळ्या ख्रिस्ती सल्ल्याचा पाया ठरला. त्याने आठ 'विचार' सांगितले. त्यांत खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग हे येतात. विचार मनात येणे माणसाच्या हाती नाही, तो रेंगाळू द्यायचा की नाही हे हाती आहे, असे त्याचे म्हणणे. रेंगाळणाऱ्या विचाराला हाकलण्यासाठी त्याने बायबलमधल्या वचनांचा एक संग्रह केला. त्यात सुमारे पाचशे नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीची रचना सारखी: अमुक विचार आला, तर अमुक वचन उच्चारावे. विंचवावर उतारा ठेवावा तसा हा शब्दांचा साठा होता. त्याचे विचार जॉन कॅसियनने पाचव्या शतकात पश्चिमेला, मार्सेयला नेले. कॅसियनने उपाय आणखी साधा केला. देवाला मदतीला धावून ये म्हणणारी स्तोत्रसंहितेतली एकच ओळ त्याने निवडली आणि ती जेवताना, चालताना, झोप लागेपर्यंत घोळवायला सांगितली. वासना केवळ उपासतापासाने जिंकता येत नाही, त्यासाठी कृपाच लागते, हे त्याने पुन्हा पुन्हा बजावले. नामस्मरणाच्या देशात वाढलेल्या वाचकाला ही पद्धत परकी वाटणार नाही.

त्याच काळात उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपने स्वतःची कहाणी लिहून काढली. ऑगस्टिनचे 'कन्फेशन्स' साधारण ३९७ ते ४०० या काळातले. त्यात दोन मित्रांचे दोन नाद शेजारी शेजारी येतात. ऑगस्टिनचा नाद स्त्रीसंगाचा, त्याचा मित्र अलिपियस याचा रंगणातल्या लढतींचा.

अलिपियस रोमला कायदा शिकायला गेला. ग्लॅडिएटरांच्या लढतींचा त्याला तिटकारा होता. जेवून परतणाऱ्या मित्रांनी त्याला हसतखेळत ओढत रंगणात नेले. माझे शरीर इथे बसवाल, माझे डोळे आणि मन नाही, असे म्हणत तो डोळे मिटून बसला. इतक्यात एक योद्धा पडला आणि गर्दीतून एकच गर्जना उठली. काय झाले ते पाहू आणि तुच्छतेने नजर वळवू, अशा विश्वासाने त्याने डोळे उघडले. रक्त पाहिले आणि नजर तिथेच खिळली. तो ओरडला, पेटला, आणि परत गेला तो पुन्हा येण्याची ओढ घेऊन. पुढे तर दुसऱ्यांनाही ओढून आणू लागला. ऑगस्टिनचा निष्कर्ष असा, की अलिपियस धीट होता पण खंबीर नव्हता, कारण देवावर विसंबण्याऐवजी तो स्वतःवर विसंबला. 'मी नुसते बघतो, खेळत नाही' असे म्हणत अड्ड्यावर थांबणाऱ्या माणसाचे याहून नेमके चित्र प्राचीन ख्रिस्ती साहित्यात क्वचितच सापडेल.

स्वतःबद्दल ऑगस्टिनने साखळीची उपमा वापरली. इच्छा वाकडी झाली की वासना होते, वासनेची चाकरी केली की सवय होते, सवयीला विरोध केला नाही की ती गरज बनते. कडीत कडी. ३८६ साली मिलानमधल्या बागेत ही साखळी तुटली. एका मुलाचा आवाज ऐकून त्याने पौलाचे रोमकरांस पत्र उघडले, पहिली नजर पडली तो उतारा वाचला आणि तो थांबला. अलिपियस शेजारीच होता. त्याने पुढची ओळ वाचली आणि ती स्वतःला लावून घेतली. ३८७च्या ईस्टरला दोघांनी एकत्र बाप्तिस्मा घेतला.

या कहाणीत एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. ऑगस्टिनबरोबर वर्षानुवर्षे राहिलेली, त्याच्या मुलाची आई असलेली स्त्री ३८५च्या सुमारास आफ्रिकेला परत पाठवली गेली, कारण त्याचे लग्न दुसरीकडे ठरवले होते. पुस्तकात तिचे नाव नाही. तिला पाठवल्यावर आपले काळीज फाटले, असे तो प्रामाणिकपणे लिहितो. पण समर्पणाच्या त्या प्रवासाची किंमत एकट्या ऑगस्टिनने मोजली नव्हती. परंपरेने ही बाजू फार उशिरा पाहिली.

मध्ययुगात हा सल्ला मठातून चौकात आला. फ्रान्सिस्कन उपदेशक सिएनाचा बर्नार्डिनो (१३८०–१४४४) इटलीतल्या शहरांतून हिंडत असे. त्याच्या प्रवचनानंतर लोक पत्ते, फासे, खेळाचे पाट आणून चौकातल्या होळीत टाकत. सिएनात १४२७ साली त्याने दिलेली प्रवचने एका कापड कातरणाऱ्या कारागिराने शब्दशः उतरवून घेतली, म्हणून त्याची बोली आजही ऐकू येते: बाजारातली, घरातली, उदाहरणांनी भरलेली. बोलोन्यातली एक गोष्ट त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. पत्ते रंगवणारा एक कारागीर त्याच्याकडे आला आणि म्हणाला, की तुमच्या प्रवचनाने माझे पोट गेले. बर्नार्डिनोने त्याला येशूच्या नावाची तीन अक्षरे किरणांच्या वर्तुळात काढून दाखवली आणि हे रंगव म्हणून सांगितले. गोष्ट खरी असो वा लोकांनी सजवलेली, तिच्यातले शहाणपण मोठे आहे. जुगार जाळला तरी त्यावर जगणारा माणूस उरतोच, आणि त्याच्या हाताला दुसरे काम द्यावे लागते. तीच तीन अक्षरे पुढे येशू संघाने आपले चिन्ह म्हणून घेतली. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भिंतीवर ती आजही कोरलेली दिसतात. खाली उभ्या असलेल्या पर्यटकाला या अक्षरांचा पत्त्यांशी काही संबंध असेल, असे सहसा वाटत नाही.

येशू संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची सुरुवातही स्वप्नरंजनात गेली. मे १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी पडून असताना तो एका थोर स्त्रीचा विचार करत तासन् तास घालवी. तिला भेटायला कसे जायचे, कोणते शब्द बोलायचे, तिच्यासाठी कोणता पराक्रम करायचा, हे सगळे तो मनात रचत असे. तिचे स्थान सरदारणीपेक्षाही वरचे होते, तेव्हा हे सगळे अशक्यच होते, असे त्याने आत्मकथनात स्वतःच सांगितले आहे. वाचायला शौर्यकथा मिळाल्या नाहीत, ख्रिस्ताचे चरित्र आणि संतचरित्रे मिळाली. हळूहळू त्याच्या लक्षात आले, की त्या स्त्रीचे विचार येताना गोड लागतात आणि गेल्यावर मन कोरडे ठेवून जातात. संतांचे विचार गेल्यावरही समाधान मागे उरते. ओढ किती जोरदार आहे यापेक्षा ती ओसरल्यावर मागे काय ठेवते, हे पाहायचे. नादाच्या निदानाची ही कसोटी पाचशे वर्षांनंतरही कुणा समुपदेशकाला टाकून देता आलेली नाही.

१५४८ साली छापलेल्या 'आध्यात्मिक साधने'त इग्नेशियसने एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची एक रीत दिली. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या आखायच्या. पहिली जोडी मोठी, पुढच्या लहान लहान होत जाणाऱ्या. दोष घडला की त्या क्षणी, चारचौघांत असले तरी, कुणाच्या लक्षात न येता छातीवर हात ठेवायचा. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे, रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर. मग दुपारची रात्रीशी तुलना करायची, कालची आजशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी. याच ग्रंथात अखेरीस आपले स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा देवाला परत देण्याची प्रार्थना आहे. लोकांना ती प्रार्थना पाठ असते. ठिपके विसरले जातात. इग्नेशियसच्या दृष्टीने मात्र ठिपक्यांशिवाय ती प्रार्थना अपुरी होती.

जुगाऱ्यांचा संत म्हणावा असा माणूस त्याच शतकात होऊन गेला. कामिल्लो दे लेल्लिस १५५०मध्ये जन्मला, व्हेनिसच्या सैन्यात लढला आणि जे कमावले ते पत्त्यांत व फाशांत घालवले. नेपल्समध्ये तो अंगावरचा सदरासुद्धा हरला, असे सांगतात. पायावर न भरणारी जखम होती. रोममधल्या सान जाकोमो रुग्णालयाने त्याला सेवक म्हणून ठेवले आणि जुगारापायी काढून टाकले. मान्फ्रेदोनियात चर्चच्या दाराशी भीक मागताना त्याला कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. २ फेब्रुवारी १५७५ रोजी सान जोव्हानी रोतोंदोहून परतताना वाटेतच तो गुडघ्यांवर बसला आणि रडला. आदल्या दिवशी तिथल्या मठप्रमुखाने त्याला चार शब्द सांगितले होते. त्यानंतर तो पुन्हा खेळला नाही.

कापुचिन संघात राहण्याची त्याची इच्छा पायाच्या जखमेने पुरी होऊ दिली नाही. तो पुन्हा त्याच सान जाकोमोत गेला, आणि ज्या रुग्णालयाने त्याला हाकलले होते त्याचाच पुढे व्यवस्थापक झाला. फिलिप नेरी त्याचा आत्मिक मार्गदर्शक होता. रुग्णसेवेला वाहून घेणाऱ्या त्याच्या संघाला १५८६ साली पोपची मान्यता मिळाली. काळ्या झग्यावरचा लाल क्रूस ही त्यांची खूण. कामिल्लो १६१४मध्ये वारला. बाजी लावण्याची त्याची वृत्ती मेली नाही, तिचा पट बदलला. प्लेगच्या साथीत तो आणि त्याचे सहकारी जिवावर उदार होऊन रुग्णांत राहिले.

प्रॉटेस्टंट जगात वाद निराळ्या अंगाने पेटला. बायबलमधल्या नीतिसूत्रांनुसार चिठ्ठीचा कौल देवाकडून येतो. मग करमणुकीसाठी फासे टाकणे ही देवाची थट्टा नाही काय, असे जेम्स बामफर्डसारखे प्युरिटन विचारत. १६१९ साली थॉमस गॅटेकरने ग्रंथ लिहून उत्तर दिले, की साध्या योगायोगाला देवाची आज्ञा मानणे हीच अंधश्रद्धा आहे. हा वाद आज शुष्क वाटतो. पण शंभर वर्षांनी मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली त्याच खड्ड्यात पडला, आणि तेही प्रेमापायी.

अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत सव्हाना येथे पाद्री असताना तेहतीस वर्षांच्या वेस्लीचे मन सोफिया हॉपकी या तरुणीत गुंतले. तो तिला फ्रेंच शिकवी, तिच्याबरोबर प्रार्थना करी, लग्नाचा विषय काढी आणि मागे सरे. शेवटी मार्च १७३७मध्ये त्याने आणि मित्र डेलामॉटने उपास व प्रार्थना करून तीन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीत लग्न करावे, दुसरीत यंदा विचार नको, तिसरीत पुन्हा कधीच विचार नको. डेलामॉटने तिसरी उचलली. तिच्याशी बोलावे की नाही यासाठी पुन्हा चिठ्ठी टाकली, तेव्हा डेलामॉटच्या समक्षच बोलावे असे निघाले. कोकणात देवाला कौल लावणाऱ्याला ही धडधड कळेल. वेस्लीने आपण सर्व देवावर सोपवले असे मानले. खरे तर निर्णयाची जबाबदारी त्याने चिठ्ठीवर टाकली होती, आणि मन होते तिथेच होते. सुमारे आठवड्याभराने सोफियाने दुसऱ्याशी लग्न केले. काही महिन्यांनी वेस्लीने तिला प्रभुभोजन नाकारले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि डिसेंबरमध्ये त्याने वसाहत सोडली. आपल्या न सुटलेल्या नादाला धर्माचे रूप देऊन त्याने एका स्त्रीला भर सभेत अपमानित केले, असेच म्हणावे लागते.

इंग्लंडला परतल्यावर, मे १७३८मधल्या आत्मिक परिवर्तनानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस वेस्लीने लहान गटांचे नियम लिहिले. पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या. विवाहित वेगळे, अविवाहित वेगळे. दर आठवड्याला प्रत्येकाला विचारायचे: गेल्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणता मोह आला, त्यातून कसे सुटलात. कॅथलिकांच्या पापनिवेदनात, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्यात, एक पुरोहित ऐकतो. इथे सारखेच अडखळलेले लोक एकमेकांचे ऐकू लागले. १७५५पासून वेस्लीने स्वतःची मर्जी देवाच्या हाती देण्याच्या कराराची सामुदायिक उपासनाही चालवली. चिठ्ठीच्या जागी आता माणसे आली होती.

विसाव्या शतकात हा धागा फ्रँक बकमन या अमेरिकन लूथरन पाद्र्याने उचलला. १९०८ साली इंग्लंडमधल्या केझिक येथे एका छोट्या प्रार्थनासभेत त्याला स्वतःच्या मनातल्या अढीची जाणीव झाली आणि त्याने ज्यांच्यावर राग धरला होता त्या सहा जणांना क्षमा मागणारी पत्रे लिहिली. त्याच्या ऑक्सफर्ड ग्रुपची शिस्त यातून घडली. दुसऱ्या माणसासमोर दोष कबूल करायचा, गुडघ्यांवर बसून जीवन देवाच्या स्वाधीन करायचे, केलेले नुकसान भरून द्यायचे, आणि रोज पहाटे वही घेऊन शांत बसायचे. हीच चळवळ १९३८नंतर मॉरल री-आर्मामेंट म्हणून ओळखली गेली. राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने तिचे पाचगणीतले 'एशिया प्लॅटो' केंद्र १९६८ साली सुरू झाले.

ऑक्सफर्ड ग्रुपशी संबंध आलेल्या दोन मद्यपींनी १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन येथे जी भेट घेतली, तिच्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस निघाली. न्यूयॉर्कचे पाद्री सॅम शूमेकर सांगत असत, की स्वतःला जितके ओळखता तितके, देव जितका कळतो तितक्याला द्या. १९३९च्या बारा पायऱ्यांत हा सूर उतरला: आपले बळ संपले हे मान्य करणे, आणि आपल्याला उमगलेल्या देवाच्या हाती मर्जी सोपवणे.

१३ सप्टेंबर १९५७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसची पहिली बैठक भरली. तिच्या तिसऱ्या पायरीत देवाऐवजी स्वतःच्या समजुतीतली शक्ती हा शब्द आहे, म्हणजे ख्रिस्ती नाव पुसट झाले, पण साचा तोच राहिला. या संघटनेने एक गोष्ट मात्र नव्याने जोडली. नव्या सदस्याला त्याच्या जोडीदारासह जुन्या सदस्यांपुढे बसवतात आणि सगळी कर्जे कागदावर मांडायला लावतात: कुणाचे किती, हप्ता किती, लपवलेले काय. पत्नीला त्या टेबलाशी जागा मिळणे ही ऑगस्टिनच्या काळापासूनची मोठी दुरुस्ती आहे. १९७६ साली बॉस्टन परिसरात प्रेमाच्या आणि कामवासनेच्या व्यसनात सापडलेल्यांचा असाच संघ निघाला. त्याच्या औपचारिक नावात ऑगस्टिनचे नाव आहे. 'कन्फेशन्स' वाचून हा आपल्यातलाच एक, असे सदस्यांना वाटले होते.

१९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये जॉन बेकर आणि रिक वॉरन यांनी बारा पायऱ्यांना येशूच्या डोंगरावरील प्रवचनातल्या धन्यवचनांशी पुन्हा जोडले आणि 'सेलिब्रेट रिकव्हरी' सुरू केली. आधी सगळे एकत्र बसून उपासना करतात. मग पुरुष आणि स्त्रिया वेगळे होतात, जुगारी एका खोलीत जातात, माणसाच्या नादात सापडलेले दुसऱ्या खोलीत, आणि आठवडा कसा गेला ते एकेक जण सांगू लागतो.